विणीच्या दिवसांत कडा सोडावा

एप्रिल आला की न्यूरेम्बर्गच्या उत्तरेकडच्या जंगलात चढाईवाल्यांचे हात शिवशिवू लागतात. हिवाळाभर ओला राहिलेला चुनखडीचा कातळ वाळलेला असतो. बीचच्या झाडांना अजून पालवी फुटलेली नसते, त्यामुळे ऊन थेट कड्याच्या पायथ्यापर्यंत पोचते. हवा अशी गार की बोटांना घाम येत नाही. वर्षातले चढाईचे सगळ्यांत चांगले दिवस हेच, आणि नेमके याच दिवसांत इथले काही उत्तम कडे बंद असतात. पायवाटेवर एक छोटी पाटी असते : वर पक्षी अंडी उबवत आहेत, जूनअखेरपर्यंत चढू नये. कुंपण नसते, पहारेकरी नसतो. तरी लोक पाटी वाचतात, दोरीची पिशवी पुन्हा खांद्याला लावतात आणि पुढच्या कड्याकडे वळतात.

मी मूळची पुण्याची. चढायला शिकले ती सह्याद्रीत, नाणेघाटाच्या आणि तैलबैलाच्या बाजूला. आता नोकरीमुळे एर्लांगेनला राहते, आणि घरापासून तासाभरात गाठता येईल असा, जगभरचे चढाईवाले ज्याला मानतात तो फ्रँकेनयुरा माझ्या वाट्याला आला आहे. इथे जे पाहते आहे ते आपल्याकडे व्हायला हवे असे मला मनापासून वाटते. म्हणून हा लेख.

आधी या जागेबद्दल. न्यूरेम्बर्ग, बाम्बेर्ग आणि बायरॉइट या तीन शहरांच्या मधला हा डोंगराळ मुलूख. सुमारे 15 कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ, उबदार समुद्र होता. त्याच्या तळाशी स्पंजांनी आणि सूक्ष्म जीवांनी रचलेल्या भिंती म्हणजेच आजचे चुनखडीचे आणि डोलोमाइटचे कडे. आपल्या कोकणकड्याच्या मानाने ते बुटके, बहुतेक दहा ते तीस मीटरचे. एका नजरेत मावेल अशी मोठी भिंत इथे सहसा नाही. जंगलातून चालत जावे आणि झाडांच्या मधून अचानक करडा कातळ डोक्यावर यावा, अशी इथली रीत. पण असे कडे हजाराच्या वर आहेत आणि त्यांच्यावरच्या चढाईच्या वाटा दहा हजारांच्या वर.

सह्याद्रीचा कातळ लाव्हाचा. तिथे थर असतात, गवताळ टप्पे असतात, हाताला येणारा दगड आधी ठोकून पाहावा लागतो. इथे पाण्याने चुनखडी विरघळवून कातळात खोबणी केल्या आहेत. कुठे तीन बोटे जातील अशी, कुठे दोन, कुठे फक्त एक, तेही पहिल्या पेरापर्यंत. भिंत पुढे झुकलेली, पायाखाली काही नाही आणि सगळे वजन त्या दोन बोटांवर. इथल्या चढाईत सगळी कसोटी बोटांची.

या बोटांच्या चढाईनेच जगाच्या चढाईची भाषा बदलली. कुर्ट आल्बेर्ट हा गणित आणि भौतिकशास्त्राचा शिक्षक. 1975 मध्ये त्याने इथल्या वाटांच्या पायथ्याशी लाल ठिपका रंगवायला सुरुवात केली. दोरीला न लटकता, ठोकलेल्या खिळ्यांना न धरता, केवळ कातळाच्या आधारे जी वाट पूर्ण झाली तिच्या तळाशी हा ठिपका पडे. आज पुण्यातल्या चढाईच्या भिंतीवरची मुलेसुद्धा ‘रेडपॉइंट’ म्हणतात, तो शब्द या ठिपक्यातून आला. त्याचा मित्र वोल्फगांग ग्युलिश याने 1991 मध्ये क्रॉटेनझेच्या जंगलातल्या वाल्डकॉफ कड्यावर ‘अ‍ॅक्शन दिरेक्त’ ही वाट चढली. सोळाएक हालचालींची छोटी वाट, पण 9ए या काठिण्यश्रेणीची जगातली पहिली मानली गेलेली. पहिल्याच हालचालीला झेप घेऊन दोन बोटांच्या खोबणीत स्वतःला अडकवावे लागते. त्या एका वाटेसाठी त्याने लाकडी पट्ट्यांच्या फळीवर पायांशिवाय, नुसत्या बोटांनी वर-खाली करायचा सराव शोधून काढला. ती ‘कॅम्पस बोर्ड’ची फळी आज जगभरच्या कितीतरी चढाई जिममध्ये आहे. पुढच्याच वर्षी मोटार अपघातात तो गेला. ओबरट्रूबाख गावात त्याची कबर आहे आणि चढाईवाले तिथे थांबून जातात.

हे सगळे सांगितले ते एवढ्यासाठी की, कडे बंद ठेवायला तयार झालेली ही माणसे चढाईकडे विरंगुळा म्हणून पाहणारी नव्हती. ज्यांचे आयुष्यच कातळावर गेले अशा लोकांच्या गावात हा करार झाला आहे.

चुनखडीचा कडा जिवंत असतो हे मला इथे आल्यावर नीट कळले. झाडांच्या सावलीतला त्याचा पायथा ओलसर, शेवाळाने आणि नेच्याने भरलेला. मधली भिंत उघडी, तिच्यावर शेवाळापेक्षाही हळू वाढणारी दगडफुले. आणि माथ्यावर ऊन खाणारी, मातीचा जेमतेम थर असलेली कोरडी पट्टी. हिमयुगानंतर या प्रदेशावर सगळीकडे जंगल पसरले, पण कड्याच्या माथ्यावर ते पाय रोवू शकले नाही. म्हणून हिमयुगातल्या काही उघड्यावरच्या वनस्पती आजही फक्त तिथे तग धरून आहेत. दहा हजार वर्षे टिकलेला हा पट्टा दोन हंगामांत बुटांखाली संपू शकतो. त्यासाठी इथे साधा उपाय केलेला आहे. दोर अडकवून खाली उतरायची कडी माथ्याच्या अलीकडेच ठोकलेली असते. वाट तिथे संपली, असे सगळे मानतात. माथ्यावर पाऊल ठेवायचेच नाही.

या बाबतीत कॅनडाच्या ओंटारियोतली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. नायगारा कडेपट्टीच्या उभ्या डोलोमाइटवर वाढलेली सीडारची झाडे 1980 च्या दशकाच्या अखेरीस ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी तपासली. वाकडी, खुरटी, झुडपासारखी झाडे. वाढचक्रे मोजली तेव्हा त्यांतली कितीतरी शेकडो वर्षांची निघाली, काही तर हजाराच्या वरची. नवी वाट काढताना ‘साफसफाई’ म्हणून कापून टाकावे असेच ते झुडूप दिसते. कातळावरच्या झाडाचे वय त्याच्या जाडीवरून कळत नाही. आपल्याकडे शिवनेरी-जुन्नरच्या कातळांवर वाढणारे शिवसुमन पाहा. महाराष्ट्राबाहेर न सापडणारी ही मांसल वनस्पती उभ्या कड्याच्या फटींतच जगते. फुले नसताना ती ओळखू येत नाही, आणि चढणाऱ्याने बोटासाठी फट मोकळी केली तर गेलीच.

आता पक्षी. इथे कडे बंद राहतात ते मुख्यतः दोघांसाठी : बहिरी ससाणा, आणि ‘ऊहू’ हे आपल्या शृंगी घुबडाच्या कुळातले भलेमोठे घुबड. दोघेही घरटे बांधत नाहीत. कातळातल्या उघड्या कपारीत, मातीवर किंवा दगडावर अंडी घालतात. ससाण्याची मादी तीन-चार अंडी महिनाभर उबवते. या काळात दोराला लटकलेला माणूस कपारीच्या शेजारी किंवा वरून उगवला की ती उडते. मार्चमधल्या गारठ्यात अंडी उघडी पडली की गारठतात, आणि कावळे वाटच पाहत असतात. माणसाने अंड्याला हात लावायचीही गरज नसते, नुसते तिथे बराच वेळ असणे पुरते. ऊहूचा काळ आणखी लवकर सुरू होतो. म्हणून बंदी साधारण फेब्रुवारीपासून जूनपर्यंत, काही ठिकाणी जुलैअखेरपर्यंत असते.

इथल्या चढाईवाल्यांनी हे सुरुवातीला राजीखुशीने मान्य केले असे समजू नये. माझ्याबरोबर दोर धरणारी साठीच्या पुढची निवृत्त शिक्षिका त्या काळातले वाद सांगते तेव्हा तिचा आवाज अजूनही चढतो. चढाईवाल्यांचा मुख्य मुद्दा बिनतोड होता. ससाणे चढाईवाल्यांनी मारले नव्हते. मारले होते डीडीटीने. शेतात फवारलेले कीटकनाशक किड्यांतून लहान पाखरांत, त्यांच्यातून ससाण्यात साठत गेले. अंड्याच्या कवचात पुरेसा चुना जमेना, आणि मादी उबवायला बसली की अंडे तिच्याच वजनाखाली फुटे. डेरेक रॅटक्लिफ या ब्रिटिश शास्त्रज्ञाने संग्रहालयातली जुनी अंडी आणि नवी अंडी ताडून 1967 मध्ये हे दाखवून दिले. ज्या कॅल्शियम कार्बोनेटचा हा कडा, त्याचेच ते कवच. पश्चिम जर्मनीत 1972 मध्ये डीडीटीवर बंदी आली तोवर ससाण्याच्या काही डझन जोड्याच उरल्या होत्या. मग चढाईवाले विचारत होते : फवारणी कोणी केली आणि कडे का सोडायचे आम्ही?

न्याय म्हणून हा प्रश्न बरोबर आहे. पण काही डझन जोड्या उरल्या की हिशेब दोष कोणाचा यावर चालत नाही. मग एकेक घरटे मोजावे लागते. शेतकऱ्याने बंदीनंतर फवारणी थांबवली, अंडीचोरांपासून राखायला पक्षिमित्र रात्रंदिवस घरट्यांखाली बसले, आणि चढणाऱ्याच्या हातात होते ते एवढेच : त्या कपारीपासून चार-पाच महिने लांब राहणे. ज्याच्या हातात जे आहे ते त्याने द्यावे, एवढीच ती मागणी होती. आज जर्मनीत ससाण्याच्या हजारावर जोड्या आहेत.

दुसरे कारण तितके उदात्त नाही, पण मला तेही महत्त्वाचे वाटते. शेजारच्या बाडेन-व्युर्टेनबर्ग राज्यात 1992 च्या कायद्यानंतर कितीतरी कडे चढाईला सरसकट बंद झाले. ते पाहून फ्रँकेनयुरातल्या चढाईवाल्यांना कळले की आपण बोललो नाही तर आपल्याबद्दल दुसरेच कोणी ठरवणार. त्यांच्या संघटना, जर्मन आल्पाइन क्लब, पक्षिरक्षक आणि प्रशासन हे 1990 च्या दशकात एकत्र बसले आणि एकेक कडा घेऊन ठरवत गेले. काही कडे कायमचे निसर्गाला सोडले. काहींवर असलेल्या वाटा राहतील, नवी वाट निघणार नाही. उरलेल्यांवर नव्या वाटाही चालतील. आणि या सगळ्याच्या वर दरवर्षी बदलणारी ती हंगामी बंदी.

दरवर्षी बदलणारी, हा त्यातला सर्वांत शहाणपणाचा भाग. वसंताच्या सुरुवातीला पक्ष्यांवर नजर ठेवणारे लोक कडे पाहून येतात. या वर्षी जोडी दुसऱ्या कड्यावर गेली असेल, तर इथली पाटी निघते. वीण मध्येच फसली तरी कडा मुदतीआधी खुला होतो. म्हणजे पाटी दिसली की चढणाऱ्याला खात्री असते की वर खरेच कोणीतरी आहे. कागदावरची बंदी वर्षानुवर्षे तशीच राहिली आणि पक्षी नसतानाही कडा बंद ठेवला, की माणसे आधी कुरकुरतात, मग एक जण चढतो आणि पुढच्या वर्षी सगळेच चढतात. विश्वास टिकतो तो बंदी वेळेवर उठवल्यामुळे.

यावर एक आक्षेप मी नेहमी ऐकते. युरोपातल्या शहरांत ससाणे चर्चच्या मनोऱ्यांवर राहतात, खाली बाजार भरतो, घंटा वाजतात, त्यांना काही होत नाही. मग कड्यावरच एवढा नाजूकपणा कसला? फरक अंतराचा आणि दिशेचा आहे. खालची रोजची वर्दळ पक्षी ओळखू लागतो. ती त्याच्या पातळीवर कधीच येत नाही. कपारीच्या उंचीवर, दहा-पंधरा मीटरवर येऊन थांबलेला, हाका मारणारा, हातोडी ठोकणारा माणूस त्याच्या दृष्टीने शिकारी असतो.

सह्याद्रीतला हिशेब याहून अवघड आहे. आपल्याकडे कातळावर चढायचा हंगाम पाऊस सरून गवत वाळले की सुरू होतो, म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी. कड्यांवर राहणाऱ्या लांब चोचीच्या गिधाडांची वीणही नोव्हेंबरच्या सुमारास सुरू होते आणि पिल्लू उडेपर्यंत उन्हाळा येतो. ससाण्याला तीन-चार अंडी तरी असतात. गिधाडाला वर्षाला एकच. ते गेले की त्या जोडीचे त्या वर्षीचे सगळेच गेले. शाहीन ससाणाही याच कड्यांवर वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत वीण करतो.

आणि गिधाडांची कहाणी ससाण्यांच्या कहाणीशी फार जुळते. 1990 च्या दशकापासून भारतातली लांब चोचीची गिधाडे नव्वद टक्क्यांहून जास्त घटली. गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक त्याचे कारण, हे 2004 मध्ये सिद्ध झाले. औषध दिलेले जनावर मेले आणि ते गिधाडाने खाल्ले की त्याची मूत्रपिंडे निकामी होतात. 2006 मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. गेल्या हिवाळ्यात पुण्याला आले तेव्हा चढाई करणाऱ्या मुलांशी यावर बोलत होते. त्यांच्यातला एक जण चिडून म्हणाला, “ताई, गुरांना डायक्लोफेनॅक आम्ही दिलं का? मग आमचाच कडा का बंद?” न्यूरेम्बर्गच्या जंगलातला चाळीस वर्षांपूर्वीचा प्रश्न, जसाच्या तसा. मी त्याला म्हटले, “नाही दिलंस रे. पण आता उरलीत ती मोजकी, आणि त्यातली काही तू चढतोस त्याच भिंतीवर बसतात.”

आग्या मोहोळ दिसले की आपण सगळेच वाट बदलतो. दोर गुंडाळतो, आवाज न करता मागे फिरतो, कारण मधमाशा अंगावर येतात. गिधाड अंगावर येत नाही. ते उडून जाते आणि अंडे मागे राहते. मोहोळाला जो मान आपण भीतीने देतो तो गिधाडाला जाणीवपूर्वक द्यावा लागेल.

महाराष्ट्रात आज कड्यांबाबतचे निर्णय बहुधा एकाच पद्धतीने होतात. अपघात झाला किंवा गर्दी वाढली की जमावबंदीचा आदेश येतो आणि सगळेच बंद. 2021 चे राज्याचे साहसी पर्यटन धोरण आले, त्याचा भर नोंदणीवर आणि माणसांच्या सुरक्षिततेवर आहे. तो हवाच. पण कोणत्या कड्यावर कोणत्या महिन्यांत चढू नये, हे ठरवायला आदेश काढणाऱ्या टेबलापेक्षा कातळ जवळून पाहिलेली माणसे लागतात. कातळावर गिधाडांच्या विष्ठेचे चुना ओतल्यासारखे पांढरे ओघळ कुठे आहेत, ताजे आहेत की जुने, हे खालच्या वाडीतल्या गुराख्याला आणि वर्षानुवर्षे त्या भिंतीखाली तंबू ठोकणाऱ्या चढाईवाल्याला जितके माहीत असते तितके कोणालाच नसते. नाशिकजवळच्या अंजनेरीला 2017 मध्ये संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला, गिधाडांमुळे आणि तिथल्या दुर्मीळ वनस्पतींमुळे. पण गिधाडे राखीव क्षेत्राची हद्द पाहून कपार निवडत नाहीत.

म्हणून माझी मागणी चढाईच्या संस्थांकडे आहे, सरकारकडे नंतर. अखिल महाराष्ट्र गिर्यारोहण महासंघाने पुढाकार घ्यावा. पक्षी-अभ्यासकांना आणि वनखात्याला बोलवावे, पायथ्याच्या ग्रामपंचायतींनाही. सह्याद्रीतल्या चढाईच्या कड्यांची आणि सुळक्यांची यादी समोर ठेवून एकेकावर बोलावे. घरटी असलेले कडे नावानिशी, महिन्यांनिशी बंद करावेत, आणि तेवढेच करावेत. बाकीचे खुले आहेत हेही त्याच कागदावर लिहावे. नवे बोल्ट ठोकायच्या आधी भिंत दुर्बिणीतून पाहून घेतल्याची नोंद असावी. घरट्याच्या भिंतीसमोर ड्रोन नको. रॅपलिंगचे कार्यक्रम घेणाऱ्या संस्था तर एकाच भिंतीवर एका दिवसात शंभर-शंभर माणसे सोडतात, त्यांच्यावर हे आधी लागू व्हावे. पाटी मराठीत, पायथ्याच्या वाडीत, जिथे चढाईवाले चहा घेतात तिथे लागावी. आणि जोडी आली नाही किंवा पिल्लू उडाले, तर त्याच आठवड्यात पाटी काढायची जबाबदारी कोणा एकाच्या नावावर असावी.

यात थोडा तोटा आहे, तो मी लपवणार नाही. काही भिंती अशा आहेत की नोव्हेंबर ते फेब्रुवारी सोडून त्यांच्यावर चढताच येत नाही. मार्चनंतर काळा कातळ इतका तापतो की हात ठेववत नाही. अशा भिंतीवर जोडी बसली तर ते वर्ष गेले. एखाद्या तरुणाने दोन वर्षे तयारी करून ठेवलेली वाट त्याच्या हातून निसटेल. तो वाईट वाटून घेईल आणि त्याचे वाईट वाटणे खरे असेल. त्याच्यासाठी संस्थांनी दुसऱ्या भिंतींची माहिती, बोल्ट आणि पैसा उभा करावा. फ्रँकेनयुरात हजार कडे असल्यामुळे दहा-वीस बंद राहिले तरी माणूस शेजारच्या कड्यावर जातो. आपल्याकडे चढाईजोग्या, बोल्ट मारलेल्या भिंती अजून मोजक्या आहेत. त्या वाढवणे हा या कराराचाच भाग मानला पाहिजे.

बैठक पावसाळ्यातच व्हायला हवी. जून ते सप्टेंबर सगळे संघ घरी असतात, कातळ ओला असतो, हिवाळ्याच्या मोहिमांचे बेत त्याच दिवसांत आखले जातात. ऑक्टोबरमध्ये दोन-दोन माणसे दुर्बीण घेऊन एकेक भिंत पाहून आली, तर गिधाडांची वीण सुरू होण्याच्या आत पहिली यादी लावता येईल. पहिल्या वर्षी तीच यादी पाच-सात भिंतींची असली तरी चालेल.